चौदावा फर्मा

धाकटीनं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षी मी वाचायला शिकलो. पत्रिका छापून आल्या होत्या आणि त्यांच्या कडा मीच कापल्या होत्या, एका रेषेत, एकही पुढेमागे नाही. एका दुपारी ती नोकरीच्या गावाहून पेटी घेऊन दारात उभी राहिली, पत्रिकांचा गठ्ठा टेबलावरून उचलून तिनं माळ्यावर टाकला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मला काही विचारू नका, मी तुम्हाला काही विचारत नाही." सौदा वाईट नव्हता. पण दोन माणसांच्या घरात काही विचारायचं नाही म्हटलं की दिवस फार लांबतो. तिसऱ्या दिवशी तिनं मला औषधाच्या दोन बाटल्या हुंगून त्यातली खोकल्याची कोणती ते ठरवताना पाहिलं. माझं तेव्हा एकसष्टावं चालू होतं. "उद्यापासून बसायचं," ती म्हणाली. मी म्हटलं, "आता या हाडांना अक्षरं चिकटायची नाहीत बाई." "मग खळ लावू," ती म्हणाली. तिची आई असती तर हेच म्हणाली असती, आणि याच आवाजात.

लोकांना हसू येतं, की चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्याला वाचता येत नव्हतं. पण मुलांचे बूट शिवणारा मुलांसोबत धावायला जात नाही. पुस्तक म्हणजे मला फर्मे, दोरा, पुठ्ठा, खळ आणि वजन. मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा होतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्यावर फर्मा ठेवायचा, दाभणानं भोकं पाडायची, दोऱ्यानं शिवायचं, पाठीला खळ लावून कागदाची पट्टी चिकटवायची, तीन कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा. पुठ्ठ्यावर नाव उठवायचं तर जुन्या पुठ्ठ्यावरचं अक्षर आणि धातूच्या अक्षराचा खिळा एकमेकांशेजारी धरून जुळवायचे. अक्षरं सगळी ओळखीची होती, पण समोरच्या गॅलरीतल्या माणसासारखी. रोज दिसतो, चेहरा पाठ आहे, बोलणं कधी झालेलं नाही. घड्या घालणं, फर्मे लावणं आणि शिवणं हे हिच्याकडे असायचं. ही म्हणजे माझी बायको. तीही न शिकलेली, माझ्यासारखी आकडे तेवढे ओळखणारी, डावखुरी, आणि माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं काम करणारी. मी कापायचो, चिकटवायचो, पुठ्ठे चढवायचो आणि गिऱ्हाइकांशी बोलायचो. बोलणं माझ्याकडे होतं, हे पुढे महागात पडलं.

सात महिन्यांत मी दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्रातले मथळे आणि मग लहान मुलांच्या गोष्टी वाचू लागलो. बोट ओळीवरून सरकायचं आणि मागून मी जायचो, लंगड्या माणसासारखा. धाकटीला गावातल्याच शाळेत तात्पुरती नोकरी लागली. ग्रंथालयात दर शनिवारी चार वाजता वर्तमानपत्रांच्या खोलीत काही वाचक जमत, तिथे ती मला घेऊन गेली. ग्रंथपाल बाईंनी तिथे एकच नियम घातला होता. जे पुस्तक अर्धवट आहे, वाचायचं चालू आहे, त्याच्यावरच बोलायचं. संपलेलं पुस्तक आणायचं नाही. "संपल्यावर काय, सगळेच शहाणे होतात," त्या म्हणायच्या. "मध्येच असताना काय वाटतं ते सांगा." पुस्तक मांडीवर ठेवायचं आणि खूण कुठे आहे ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. सात-आठ जण असायचे. निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांना आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं न उघडण्याचा ताप झालेला, म्हणून आता ते हाताला येईल ते उघडून वाचत आणि सगळं आधीच वाचलेलं असल्यासारखं बोलत. शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना सगळे शिवणताई म्हणत. त्या फक्त भुतांची पुस्तकं वाचायच्या आणि दर आठवड्याला सांगायच्या, "अजून भूत आलेलं नाही, पण मला घरमालकाचा संशय आहे." नियमामुळे एक गंमत व्हायची. कोणी छातीठोकपणे सांगायचं की खुनी तो डॉक्टरच, आणि पुढल्या शनिवारी तोंड पाडून यायचं. मला ती जागा आवडली. आयुष्यात मीही कायम मध्येच असायचो आणि शेवट माहीत असलेले लोक माझ्याशी मोठ्या आवाजात बोलायचे.

मी माझी पहिली मोठी कादंबरी तिथल्याच कपाटातून घेतली. घेतली ती पुठ्ठ्यावरून. हिरवं कापड, कोपऱ्यांना चामडं, हाताला ओळख पटली की ही आपल्याकडची बांधणी आहे. एका घराची गोष्ट होती, आईबाप आणि तीन मुलं. तीन महिने लागले मला निम्म्याच्या पुढे जायला. आणि मग एका दुपारी, जेवण करून खिडकीशी बसलो असताना, त्यातली आई मेली. बोट ओळीवर थांबलं. मी पुस्तक मिटलं, उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. शेवटचं वाक्य अर्धंच होतं. "तिचा हात उशीवरून खाली आला आणि" — आणि पान संपलं. पान उलटलं तर पुढची ओळ दुसऱ्याच कुठल्या तरी वाक्याचं शेपूट, आणि त्यानंतर ती आई, तीच, गच्चीवर उभी राहून शेजारणीशी भांडत होती. शेजारणीची ओली चादर आपल्या दोरीवर कशी आली यावरून. मी एक ओळ मागे गेलो, परत पुढे आलो. चादरच होती. पुढे सोळा पानं ती बाई जिवंत होती. मुलाच्या कानाखाली वाजवली तिनं, नवऱ्याचा पाय मुरगळला तर आधी हसली आणि मग शेक दिला. सोळा पानं झाल्यावर, आणखी एका सुट्या शेपटानंतर, ती परत नव्हती, घरात गप्प माणसं बसली होती, आणि कोणी त्यावर एक शब्दही काढला नाही. मी तो भाग चार वेळा वाचला. मला वाटलं, मोठी पुस्तकं अशीच लिहीत असणार. माणूस जातं तेव्हा वाक्य मोडणारच, पुरं कोण करणार? आणि मग ते परत येतंच की. मला कोणी विचारलं नव्हतं म्हणून मी सांगितलं नव्हतं, पण ही गेल्यावर कित्येक वर्षं दुपारी फर्म्यांची चळत ठोकून सरळ केल्याचा आवाज मला मागून यायचा. मोठं काही नाही, टेबलावर दोनदा टक टक. रडवायला नाही, कामाला यायची ती. हे या लेखकाला कसं कळलं, याचं मला फार आश्चर्य वाटलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं की हे मला एकट्यालाच झालं नव्हतं.

त्या शनिवारी मी बोललो. त्याआधी कधी दोन वाक्यांच्या वर गेलो नव्हतो. धाकटी दाराजवळच्या खुर्चीत शाळेच्या वह्या तपासत बसली होती, तिचा हात थांबलेला मी पाहिला. मी सगळं सांगितलं, उशीवरचा हात, मोडलेलं वाक्य, गच्ची, चादर. म्हटलं, "मेलेली बाई परत येते, आणि करते काय? आशीर्वाद देत नाही, रडत नाही. दोरीवरून भांडते. हे ज्याला सुचलं त्याच्या घरचं कोणीतरी गेलेलं असणार." शिवणताईंनी नाक पुसलं. आणि पोस्टमास्तर खाकरले.

"बाइंडरबुवा," ते म्हणाले, "ही कादंबरी मी तीनदा वाचलीय. त्यातली आई मेली की मेली. परत बिरत कोणी येत नाही."

"येते. सोळा पानं येते."

"अहो, चादरीचं भांडण आधी आहे. कितीतरी आधी! तिथेच तर नवऱ्याचा पाय मुरगळतो, म्हणून तो पुढे लंगडतो."

माझ्या लक्षात आलं, की मधल्या एका ठिकाणी बाप एकाएकी लंगडायला लागतो आणि त्याचं कारण कुठेच येत नाही. तेही मला आवडलं होतं. माणसं अशीच असतात, कोण कुठे पडलं ते आपल्याला मागाहून कळतं, असं मी स्वतःला समजावलं होतं. शिवणताईंनी माझ्या मांडीवरचं पुस्तक घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पानांच्या सांध्यात बोट फिरवलं. "दादा, हा जोड चुकलाय," त्या हळूच म्हणाल्या. "पाठीचा तुकडा पोटाला लागलाय." कोणीतरी पानांचे आकडे बघा म्हणालं. आकडे नव्हते. ते खाली छापलेले असतात आणि खालची कड कापताना गेले होते, सबंध पुस्तकभर. पोस्टमास्तरांना हसू आवरेना. "म्हणजे लेखकाची कमाल नाही, बाइंडरची कमाल! कोणी बांधलंय हो हे?" ग्रंथपाल बाईंनी मागचं पान उघडलं. तिथे दुकानाचा शिक्का होता. माझा.

तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं ते इतकं तयार होतं, की मला ते जुळवावंही लागलं नाही. "फर्मे बायको लावायची. आजारी होती शेवटी, तिच्या हातून व्हायचं असं." सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. पोस्टमास्तरांनीसुद्धा मान खाली घातली. दाराजवळ खुर्ची सरकली. धाकटीनं वह्या गोळा केल्या, एकही न पाडता, आणि ती निघून गेली.

घरी ती जेवायला वाढत होती, पाणी ठेवत होती, पण बोलत नव्हती. रविवार गेला, सोमवार गेला. मी कपाटं आवरल्यासारखं केलं. खरं तर मी ते वाक्य आठवत होतो. ते मी पहिल्यांदा कधी म्हटलं? ही गेली त्या वर्षी ग्रंथालयाची दोनशे पुस्तकं आमच्याकडे बांधायला आली होती, सबंध वर्षाचं काम. त्यातली दोन परत आली, पानं मागेपुढे झाली म्हणून. तेव्हाचे ग्रंथपाल कडक होते. काम जाणार असं दिसलं आणि मी म्हणालो, साहेब, ते बायकोच्या हातचं आहे, आता ती नाही. ते खुर्चीतून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काम राहिलं. पुढे हे वाक्य मी घरात गंमत म्हणून वापरू लागलो. चमचे चुकीच्या खणात गेले की, "तुझ्या आईनं लावले वाटतं." धाकटी हसायची नाही. मला वाटायचं, पोरीला विनोद कळत नाही. एखादी गोष्ट शंभरदा सांगितली की ती कुठून सुरू झाली ते सांगणाऱ्यालाच दिसत नाही. सांध्यावर खळ वाळते, वरून हात फिरवला तर गुळगुळीत लागतं.

मंगळवारी ती शाळेतून आली, चप्पल न काढता माझ्या टेबलाशी आली आणि त्या पुस्तकावर तिनं हात ठेवला.

"आई लावलेले फर्मे बोटांनी दोनदा मोजायची," ती म्हणाली. "एकदा वरून, एकदा खालून. मी मध्ये बोलले तर परत पहिल्यापासून. मला आठवतंय."

"आजारी होती ग ती. शेवटी शेवटी..."

"आईची गाठ डावी होती. उघडा हे."

"ग्रंथालयाचं पुस्तक आहे."

"तुम्हीच बांधलंय ना? मग उघडा. गाठ डावी निघाली तर मी परत कधी काही म्हणणार नाही. चमचे आईनंच लावले म्हणा खुशाल."

मी दिवा ओढला. हिरव्या कापडाखाली सुरी घातली. पुठ्ठा सुटला. फर्म्यांच्या टोकाला दोऱ्याच्या गाठी उघड्या पडल्या. ही शिवायची तर फास उजवीकडून डावीकडे जायचा आणि दोरा आधी मेणातून ओढलेला असायचा, काळपट, बोटाला चिकटणारा. इथे दोरा कोरडा होता. गाठी सगळ्या उजव्या, दोन दोन मारलेल्या, ज्याला सवय नाही तो मारतो तशा. मी त्यांच्याकडे पाहत बसलो. आणि तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, शिवलं मी असेन, फर्मे तिनं लावून ठेवले असतील, आजारी पडण्याआधी. माणूस किती चिवट असतं पाहा. मग मी पाठीवरची कागदाची पट्टी ओली केली. ती कुठल्याही रद्दी कागदाची असते, दोन बोटं रुंद, हाताला येईल तो कागद कापून आम्ही शिवलेल्या फर्म्यांच्या पाठीला खळीनं चिकटवायचो. पट्टी अलगद सुटली. आतल्या बाजूला शाईचं लिखाण होतं. तेव्हा मला त्या काळ्या रेघोट्या वाटल्या असतील, आता ती अक्षरं होती. दवाखान्यातून मला कागदांची एक गुंडाळी दिली होती. मृत्यूचा दाखला माझ्या मोठ्या भावानं वेगळा काढून ठेवला, बाकीचा कागद जाड आणि चांगला होता. मला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो, कारण मनातल्या मनात वाचणं मला अजून जमत नाही. पट्टी अरुंद होती, त्यामुळे प्रत्येक ओळीचं फक्त शेपूट हाती लागत होतं.

"...खाट अकरा. ...पाणी दिले. ...बोलत नाही. ...सोमवार. ...दहा चाळीस. ...नातेवाइकांना कळवले."

धाकटी माझ्या पाठीमागे उभी होती. तिनं एकही अक्षर सांगितलं नाही, अडलो तिथेही नाही. 'नातेवाइकांना' या शब्दाला मला बराच वेळ लागला. नातेवाईक म्हणजे मी. मी तेव्हा कुठे होतो ते मला चांगलं आठवत होतं, कारण तेवढंच मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मी याच टेबलाशी होतो, पुठ्ठे कापत होतो. तिनंच आदल्या दिवशी सांगितलं होतं, अहो, इथे बसून काय करताय, तिकडे दोनशे पडलीत. आणि मी गेलो होतो. ती गेली आणि चौथ्या दिवसापासून मी एकट्यानं घड्या घातल्या, एकट्यानं फर्मे लावले, एकट्यानं शिवलं. दाराला आतून कडी होती. कोण आलं, कोण गेलं, काही कळत नव्हतं. कडा कापताना किती कापतो आहे ते मी पाहिलं नसेल. पानांचे आकडे खाली पडून केरात गेले असतील. आणि चौदावा फर्मा विसाव्याच्या नंतर ठेवताना माझ्या हाताला ती दोन माणसं, एक मेलेली आणि एक भांडणारी, एकच आहेत हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. हाताला काय माहीत असतं आणि काय नसतं, यावर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे.

"चहा टाकू?" धाकटीनं विचारलं. तीन दिवसांतलं तिचं पहिलं साधं बोलणं.

शनिवारी मी पुस्तक उघड्या पाठीचंच नेलं, कापडात गुंडाळून. माझी पाळी येईपर्यंत थांबलो नाही. म्हटलं, "गेल्या शनिवारी मी खोटं बोललो. खोटं म्हणजे, मला ते खरं वाटत होतं, पण ते खरं मीच करून ठेवलं होतं. हे पुस्तक बायकोनं बांधलेलं नाही. ती गेल्यावर मी बांधलंय. तिच्या हातून आयुष्यात एक फर्मा मागेपुढे झाला नाही. परत आलेली ती दोन पुस्तकंही माझीच. सोळा वर्षं मी तिचं नाव घेत आलो." पट्टी मी कोणाला दाखवली नाही. ती खिशात होती. पोस्टमास्तरांनी हातातली खूण पुस्तकात ठेवली. मग म्हणाले, "माझ्या हातून एक तार राहिली होती. टपालात खाली गेली. चार दिवसांनी सापडली, तेव्हा मी शिपायाचं नाव सांगितलं." हे चालू पुस्तकात बसतं की नाही, ते ग्रंथपाल बाई ठरवू शकल्या नसाव्यात.

मग बाईंनी विचारलं, "काका, दुरुस्त करून कधी द्याल?" मी म्हटलं, सोमवारी, एका दिवसाचं काम आहे. तेवढ्यात शिवणताई पुढे वाकल्या. "थांबा हो. आधी मला द्या. आहे तसं एकदा वाचते, मग काय करायचं ते करा." पोस्टमास्तर म्हणाले, "ताई, चूक ती चूक." "असू दे," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं भुतांची पुस्तकं वाचतेय, एकाही भुतानं दोरीवरून भांडण काढलं नाही." खोली हसली. मी दाराकडे पाहिलं. धाकटीही हसत होती, वह्यांवर वाकून, खांदे हलवत, अगदी आईसारखी. पुस्तक परत शिवून दिलं ते मी शिवणताईंसाठी, फर्मे होते त्याच चुकीच्या जागी, पण दोरा मेणातून ओढून. त्यांच्यामागे आणखी चौघांनी नाव लावलं, शेवटचं नाव पोस्टमास्तरांचं. पाचही जणांचं वाचून झालं की दुरुस्त करायचं असं ठरलं आहे. अजून दोन बाकी आहेत.

माझी बायको गेली ती धाकटी आठवीत होती त्या वर्षी, सोमवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, खाट क्रमांक अकरावर. मी तिथे नव्हतो. चौदावा फर्मा तिनं लावलेला नाही. तो मी लावला.